रिकाम्या तळहाताची पूजा

दाराच्या फळीतली एक गाठ सुकून निखळली होती आणि तिथं बोराएवढं भोक पडलं होतं. सोमलिंगानं त्याला डोळा लावला तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, पण डोळा काही त्यानं काढला नाही.

आत वीरभद्र पूजेला बसला होता. कपाळावर भस्माचे पट्टे, अंग ओलं, डावा तळहात छातीसमोर धरलेला. उजव्या हातानं त्यानं पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान ठेवलं. ओठ हलत होते. सगळं यथासांग चाललं होतं, फक्त तळहातावर लिंग नव्हतं. पाणी नुसत्या कातडीवरून मनगटाकडं ओघळत होतं. बेलाचं पान सपाट पडलं होतं. खाली काही असतं तर ते कललं असतं. भोकातून दिसणारं किती खरं मानावं म्हणून सोमलिंगानं दुसरा डोळा लावून पाहिलं. दुसऱ्या डोळ्यालाही तेच दिसलं.

लिंगायताच्या गळ्यात लहानपणी लिंग बांधतात ते मरेपर्यंत उतरत नाही. मेल्यावर माणसाला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याला भवी म्हणतात. मठात भवी येऊ शकतो, जेवू शकतो. पण जंगम, म्हणजे लिंगायतांचा गुरू, म्हणून राहतो, पूजेचं सोंग करतो, असा भवी कशाला आला असेल?

त्या वैशाखात असा प्रश्न पडला की उत्तर एकच सुचायचं: निजामाचा हेर. साल अठ्ठेचाळीस. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं होतं आणि निजामाचं संस्थान अजून तसंच होतं. करवंजीचा मठ ढोकीच्या पश्चिमेला डोंगरात होता. मठापासून दोन कोसांवर सरहद्द; पलीकडं मुंबई इलाखा आणि तिथं संस्थानातून पळून निजामाशी लढणाऱ्या पोरांचे कॅम्प. मठाच्या आवारात धान्य साठवायचं जमिनीतलं एक पेव होतं. त्यात वर ज्वारी असायची आणि ज्वारीखाली काडतुसं. कडब्याच्या गाड्यांतून ती आत यायची आणि पुढं गावोगाव जायची. हे थोरल्या स्वामींना ठाऊक होतं, सोमलिंगाला ठाऊक होतं, आणि कॅम्पच्या बंडप्पाला.

आणि आता वीरभद्रालाही. शिवरात्रीनंतर तो माकणीकडून आला, कानडी वळणाचं मराठी बोलत. आल्या दिवशी स्वामींशी दार लावून बोलला आणि तेव्हापासून मठातलाच झाला. स्वामींचे पाय तोच चेपू लागला. कोरान्नाची झोळी घेऊन गावात तोच जाऊ लागला. स्वयंपाक करणारी इरम्मा त्याला दुसरी भाकरी न विचारता वाढू लागली.

सोमलिंग सात वर्षांचा असताना मठात आला होता. आपण पुढं या गादीवर बसणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसरं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. स्वामींचा दमा आता वाढला होता. पट्टाधिकारी नेमायची बोलणी गावात चालली होती आणि त्या बोलण्यांत वीरभद्राचं नाव ऐकून सोमलिंगाला दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं.

म्हणून त्यानं मठाचे कारभारी महांतप्पा यांना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. महांतप्पा आडत व्यापारी. कळंबच्या बाजारात त्यांची उठबस आणि निजामाच्या कचेरीत ओळखी.

"काका, हा वीरभद्र कुठला, कुणाचा, जरा कचेरीत कानोसा घ्याल का? आपली खात्री असलेली बरी."

"घेतो की," महांतप्पा म्हणाले होते. "मठात कुणीबी शिरावं, ही काय धर्मशाळा हाय?"

अवसेनंतर गाडीवान धोंडीबाची कडब्याची गाडी सरहद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पकडली गेली. नाक्यावरचे लोक एरवी कडब्यात चार ठिकाणी सळई खुपसून गाडी सोडून द्यायचे. या वेळी त्यांनी सळई हातातसुद्धा धरली नाही. सरळ पेंढ्या उपसून तळातली काडतुसं काढली. कुणीतरी सांगितल्याशिवाय हे होत नाही. धोंडीबा तुरुंगात गेला.

आणि आज हा रिकामा तळहात.

सोमलिंग दारापासून उठला. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात छातीवरचा धोंडा कुणी उचलून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं.

बंडप्पा त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी आला. कॅम्पचा माणूस म्हणून ओळखू येईल असं त्याच्यात काही नव्हतं. रानातून आलेला शेतकरी, खांद्यावर घोंगडं, तोंडात पान. पेवाच्या तोंडाशी बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी डोळ्यांनी बघितलं, अय्या?"

"दोन्ही डोळ्यांनी."

"पूजेआधी काढून ठिवलं आसंल, धुवायला."

"आसपास कुठं नव्हतं. आणि रिकाम्या हातावर पाणी कोण घालतं?"

बंडप्पा पान थुंकला. "धोंडीबाची बायको परवा कॅम्पात आली व्हती. तिला काय सांगावं ते मला सुचलं न्हाय." तो घोंगड्याच्या दशा ओढू लागला. "उद्या दुपारी त्याला माज्यासंगट द्या. म्हनावं, सरहद्दीवरनं माल आनायचा हाय. वाघदऱ्यात बसून त्याला इचारतो."

"आणि बोलला नाही तर?"

"तर सरहद्दीपल्याड जायचा न्हाय. हिकडंबी यायचा न्हाय." तो उठला. "तुमच्या शब्दावर करतोय, अय्या. उद्याचे स्वामी तुमी."

शेवटचं वाक्य सोमलिंगाच्या कानात संध्याकाळभर गोड वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर बंडप्पा आणि वीरभद्र निघाले. उन्हाळ्यात ही माणसं दुपारीच चालायची. नाक्यावरचे पहारेकरी तेव्हा लिंबाखाली आडवे झालेले असत. जाताना वीरभद्रानं सोमलिंगाला हात जोडले. "शरणार्थ, अय्या. अप्पांना दुपारचा काढा द्यायचा ऱ्हाऊ देऊ नका. ते नको म्हणतात, पण घेतात."

"शरणार्थ," सोमलिंग म्हणाला.

काढा घेऊन तो आत गेला. थोरले स्वामी तक्क्याला टेकून श्वास मोजत असल्यासारखे बसले होते.

"वीरभद्र कुठाय?"

"बंडप्पाबरोबर गेला." मग सोमलिंगाला राहवलं नाही. स्वामींना हे आपल्याच तोंडून कळलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. "अप्पा, त्याच्या गळ्यात लिंग नाही."

"ठाऊक हाय मला."

सोमलिंग काढा हातात धरूनच खाली बसला.

"आल्या दिवशीच सांगितलं त्यानं." स्वामी दोन-तीन शब्दांनंतर थांबत, श्वास घेत आणि पुढं जात. "त्याच्या गावात रझाकार शिरले. त्याचा सोबती गुरुसिद्धप्पा मारला गेला. गळ्यातला चांदीचा चौका मारणाऱ्यांनी तोडून नेला. लिंग चौक्यातच. मागं राहिलं मढं. त्याला पुरायचं कसं, रिकाम्या हातानं? तवा यानं आपलं लिंग सोडलं आन त्याच्या हातात दिलं. माती लोटली."

बाहेर इरम्मा भांडी घासत होती. राखेचा खर्रर्र आवाज येत होता.

"जुनी मानसं म्हनतात, लिंग गेलं की जीव ठिवू नये. तो जीव द्यायच्या बेतानंच हिकडं आला व्हता. म्या म्हणलं, नवं बांधतो. तर म्हणतो, एक दिलं आन दुसरं घेतलं तर दिलं काय? मग म्या म्हणलं, बाबा, रिकाम्या हातावर पूजा कर. नवं घ्यावं वाटंल तवा सांग."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस का कधी?" स्वामींनी त्याच्याकडं पाहिलं. "त्याच्या खोलीपुढनं जाताना तुझं तोंड कसं व्हतं ते दिसतंय मला."

"मग गादी?"

शब्द तोंडातून निसटला आणि सोमलिंगाला तो परत गिळावासा वाटला. एक माणूस वाघदऱ्याकडं चालला होता आणि आपल्या तोंडी पहिल्यांदा आलं ते हे.

स्वामी थोडे हसले, म्हणजे त्यांना खोकला आला. "ज्याच्या गळ्यात लिंग न्हाय त्याला गादीवर कसा बसवू? ती तुझीच हाय. पहिल्यापासनं. लोकांनी उठवल्या कंड्या आन तू ऐकल्यास."

सोमलिंगानं काढा खाली ठेवला आणि बाहेर पडला. ओसरीवर महांतप्पा फेट्याच्या शेवानं वारा घेत बसले होते.

"अरं सोमलिंगा, बरा भेटलास. तुझं काम केलं व्हतं म्या मागंच, सांगायचं राहिलं. कचेरीत त्या वीरभद्राचं नाव कुनालाच ठाव न्हाय."

"कधी विचारलंत?"

"अवसेच्या आधी. तिथला पेशकार खोदून खोदून चौकशी करीत व्हता. मठात बाहेरची मानसं किती येतात, कुठली येतात. म्हणलं, आमचा मठ मोठा, यायचीच मानसं. कडब्याच्या गाड्यासुद्धा पार सरहद्दीवरनं येतात आमच्याकडं." महांतप्पांच्या सुरात अभिमान होता. निदान अभिमानासारखं काहीतरी होतं.

सोमलिंगानं मनातल्या मनात क्रम लावला. आधी त्यानं विचारायला सांगितलं. मग महांतप्पांनी विचारलं. मग पेशकारानं विचारलं. मग गाडी पकडली. ही साखळी त्याच्या हातात महिनाभर होती. त्यानं तिची शेवटची कडी पाहिली आणि तिथून सरळ वीरभद्राच्या दाराशी गेला. पहिली कडी कुणी घडवली, हे त्याला पाहायचंच नव्हतं.

"कुठं निगालास भर उन्हात?"

"वीरभद्राच्या मागं," तो म्हणाला आणि पळत सुटला.

वाघदरा म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद घळ. सीताफळीची झाडं वाळून काटक्या झाली होती आणि दगड वहाणेतून भाजत होते. सोमलिंगाला दुरूनच ते दोघे दिसले. सालईच्या झाडाखाली वीरभद्र बसला होता, हात पाठीमागं घोंगड्याच्या दोरीनं बांधलेले. समोर बंडप्पा भाकरी खात होता. बंदूक मांडीवर आडवी. तिथंच मातीचा तांब्या. वीरभद्राची छाती भिजलेली होती, म्हणजे त्याला पाणी पाजलेलं असावं.

"या अय्या," बंडप्पा म्हणाला. "कोरान्न मागाया हितवर? भाकरी एकच हाय, पन अर्धी देतो."

"सोड त्याला."

"काल म्हणलं धर, आज म्हणता सोड. मी काय तुमचा बैल हाय?"

सोमलिंगानं धापा टाकत गुरुसिद्धप्पाची हकीकत सांगितली. वीरभद्र खाली मातीकडं पाहत होता. बंडप्पानं घास चावायचा थांबवला नाही.

"लई झ्याक. पुरानात सांगायला बरी हाय. ह्याला म्या मघाधरनं इचारतोय, लिंग कुठाय. हा का बोलला न्हाय मग?"

"बोललो असतो तर तुमी मानलं असतं?" वीरभद्र पहिल्यांदाच बोलला. "आन मानलं असतं तर त्या दिल्याची किंमत वसूल केल्यागत झालं असतं. जीव वाचवायला ते दिलं नव्हतं."

"बघा. ह्यो बी पुरानिक." बंडप्पानं हात झटकले आणि बंदूक उचलली. "अय्या, मला एक कळतंय. गाडी सांगितल्याशिवाय धरत न्हाईत. ह्यानं न्हाय सांगितलं, तर कुनी सांगितलं? त्याचं नाव द्या. ह्याला सोडतो."

नाव द्यायचं, तर महांतप्पांचं देता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. सोमलिंगाच्या मनात ते वाक्य तयार झालं, नीट, व्याकरणशुद्ध. महांतप्पांना बंडप्पा रस्त्यात कुठंतरी गाठेल. आणि आपण संध्याकाळी मठात परत जाऊ, गादीवर.

"मी," तो म्हणाला.

बंदुकीचं तोंड वीरभद्रावरून सरकलं.

"मीच. मला वाटलं, गादी याला मिळणार. म्हणून महांतप्पांना म्हटलं, कचेरीत याची चौकशी करा. त्यांनी केली. पेशकारानं मठाचं विचारलं, त्यांनी कडब्याच्या गाड्यांचं सांगितलं. हे अवसेच्या आधी झालं, गाडी अवसेनंतर धरली. मी फितूर नाही. पण धोंडीबाला मीच धरून दिलं."

घळीत वारा नव्हता. एक होला कुठंतरी घुमत होता, तो थांबला.

"म्हंजे," बंडप्पा हळूहळू म्हणाला, "तुमच्यावर इस्वास ठिवायचा तर तुमाला गोळी घालाया पायजे. आन इस्वास नसंल ठिवायचा, तर ह्याला."

"होय," सोमलिंग म्हणाला.

"अवघड करून ठिवलं तुमी, अय्या."

"बंडप्पा," वीरभद्र म्हणाला, "फितूर मानूस उन्हातनं पळत येत न्हाय. सावलीत बसून वाट बघतो."

"तू गप. तुला तर त्यानं मारायला धाडला व्हता."

"म्हणून तर मी सांगतोय. मला त्याची बाजू घ्यायचं काय अडलंय?"

बंडप्पानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग त्यानं बंदूक सालईला टेकवली, वीरभद्राचे हात सोडले आणि ती दोरी हातात गुंडाळत सोमलिंगापुढं येऊन बसला. आता त्याचा आवाज बाजारात बैलाचा सौदा करणाऱ्या माणसासारखा खाली आला होता.

"ऐका. ह्याचं नाव तुमी कचेरीत पोचवलंच हाय. ह्यो आता हिकडं ऱ्हात न्हाय. माज्यासंगट पल्याड येतो. तुमी मठात जा. महांतप्पाला सांगा, वीरभद्र भवी निगाला, उघडा पडला, पळाला. ते कचेरीत जाईल. पेशकार म्हनंल, मठ साफ झाला, नवा स्वामी आपल्या कामाचा मानूस हाय. पेव दोन महिने सुकं ठिवा. मग गाड्या पुन्हा चालू. स्वामींच्या कडब्यात सळई कोन घालतंय?"

"आणि महांतप्पा?"

"ते भोळं हाय का बेरकी, तेबी तुमीच बघा. गादीवरनं बरं दिसतं." बंडप्पा हसला नाही. "आन आमचीबी मानसं येतील पाया पडायला. कोन आमचं, कोन कचेरीचं, ते तुमाला कळायचं न्हाय. तुमी कुनाला काय म्हनता ते आमाला कळंल."

म्हणजे गादी मिळाली होती. ज्या गोष्टीसाठी त्यानं एवढं केलं, ती त्याच्या पुढ्यात एखाद्या जनावराला दावं टाकावं तशी टाकली होती.

"हे नाही सांगणार मी," सोमलिंग म्हणाला. "याला भवी म्हणणार नाही. मला पल्याड ने, काय करायचं ते कर."

"मग दोघं गायब दिसले की मठात उद्या पोलीस. पेव उकरतील. थोरल्या स्वामींना दम्यात वढत नेतील. तुमाला बरं वाटंल, पाप फेडलं म्हणून."

सोमलिंगानं वीरभद्राकडं पाहिलं. तो मनगटं चोळत होता. दोरीचे वळ उमटले होते.

"सांगा तुमी," वीरभद्र म्हणाला. "तसा भवीच हाय मी. पळालो म्हणावं."

"लोक थुंकतील तुझ्या नावावर. इरम्मासुद्धा."

"थुंकू द्या. अप्पांना तेवढं एकांतात खरं सांगा. त्यांना वाटू देऊ नका की तुमाला अजून कळलं न्हाय."

ते दोघे घळीतून वर चढून दिसेनासे झाले. सोमलिंग परत निघाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. वाटेत त्यानं ते वाक्य दोन-तीनदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा सोपं जात होतं, आणि ह्याचीच त्याला भीती वाटली.

मठात स्वामी आतल्या खोलीतून ओसरीवर येऊन बसले होते. शेजारी महांतप्पा. इरम्मा दाराशी सुपात डाळ निवडत होती.

"काय रं," स्वामींनी विचारलं, "गाठ पडली का त्याची?"

महांतप्पांनी मान वर केली. त्यांचे डोळे उत्सुक होते, माणूस बातमी ऐकायला उत्सुक असतो तितकेच. की जरा जास्त, ते सोमलिंगाला ठरवता येईना.

"नाही, अप्पा," तो म्हणाला. "पळाला तो. गळ्यात लिंग नव्हतं त्याच्या. भवी होता."

"आगं बाई!" इरम्माच्या हातातलं सूप कललं. "माज्या हातचं जेवला की गं तो महिना-महिना!"

"म्या म्हणलं नव्हतं?" महांतप्पांनी मांडीवर थाप मारली. "ही गोष्ट वर कळवायलाच पायजे. सोमलिंगा, तू वाचवलंस मठाला." ते उठले आणि वयाचा विचार न करता सोमलिंगाच्या पायांवर डोकं ठेवलं.

सोमलिंगाची नजर त्यांच्या फेट्यावरून स्वामींकडं गेली. स्वामी त्याच्याकडं टक लावून पाहत होते. त्या नजरेत राग असता तर त्याला चाललं असतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडं केलं.

सांगेन, महांतप्पा गेले की लगेच सांगेन, असं म्हणत सोमलिंग खांबाला धरून उभा राहिला. महांतप्पांनी मात्र पुन्हा बैठक मारली, फेटा उतरवून गुडघ्यावर ठेवला आणि इरम्माकडं ताक मागितलं.